म्यान कोणी शिवले? तलवारीच्या इतिहासातून गाळलेले हात

महाराष्ट्राच्या राजकारणात तलवार हा विषय कधी जुना होत नाही. १९८० साली मुख्यमंत्री झालेल्या बॅ. अ. र. अंतुले यांनी लंडनहून भवानी तलवार परत आणण्याची घोषणा केली होती. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे तीन वर्षांच्या मुदतीने साताऱ्यात आली. २०२५ मध्ये राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार विकत घेतली. अशा प्रत्येक वेळी पाते कुठले, मूठ कोणत्या घाटाची, नक्षी कसली आणि मुळात ती कोणाच्या हातात होती, यावर पानेच्या पाने लिहिली जातात. पण तलवारीवरच्या एवढ्या लिखाणात एक साधा प्रश्न आम्हाला क्वचितच भेटला. तलवार ज्या घरात राहते ते म्यान कोणी केले?

हा प्रश्न फालतू वाटेल. म्यान म्हणजे काय, तर नुसते वेष्टण! पण मित्रांनो, याच वेष्टणात जातिव्यवस्थेची अख्खी कारागिरी उघडी पडते. म्हणून आज तलवार बाजूला ठेवू आणि म्यान हातात घेऊ.

म्यान कसे होते

'म्यान' हा शब्द फारसीतून आला. 'मियान' म्हणजे मध्य, कंबर आणि कमरेला लटकणारे तलवारीचे घरही. तलवारीचे म्यान बहुधा आतून लाकडाचे असते. हलक्या, वाळलेल्या लाकडाच्या दोन पातळ फळ्या पात्याच्या वाकाप्रमाणे आतून कोरायच्या आणि एकमेकींवर बसवून सरसाने चिकटवायच्या. वरून ओले कातडे ताणून चढवायचे आणि मागच्या बाजूने शिवण घालायची. कातडे वाळले की आवळते आणि लाकडाला घट्ट धरते. तोंडाशी धातूची मोहनाळ बसते, टोकाला तैनाळ. मग कमरेला किंवा खांद्याला अडकवायला पडदळे, म्हणजे पट्टा. तोही चामड्याचाच.

श्रीमंत सरदाराच्या म्यानावर चामड्याऐवजी मखमल असे. पण मखमलीखाली तेच लाकूड आणि तोच सरस. आणि सरस म्हणजे तरी काय? जनावरांची कातडी आणि हाडे उकळून काढलेला चिकट रस. मखमल वर आली म्हणून मेलेले जनावर म्यानातून गेले नाही, ते फक्त नजरेआड झाले.

म्यान नसेल तर काय होते? पावसाने आणि घामाने पोलाद गंजते. घोड्यावर बसलेल्या स्वाराची मांडी कापते, घोड्याची कातडी फाटते. धार बोथट होते. म्यान फार सैल असेल तर दौडीत तलवार गळून पडते, फार घट्ट असेल तर ऐन वेळी निघत नाही. दुसऱ्या तलवारीचे म्यान सहसा चालत नाही, कारण प्रत्येक पात्याचा वाक वेगळा. म्हणजे म्यान करणाऱ्याला ते पाते हाताळावे लागे, मापावे लागे, पुन्हा पुन्हा घालून काढून पाहावे लागे. राजाच्या तलवारीला लोहार आणि शिकलगार यांच्याइतकाच या माणसाचाही हात लागलेला असतो.

जाता जाता एक गोष्ट लक्षात घ्या. कोकणातला शेतकरी कमरेच्या आकडीला उघडा कोयता अडकवतो. विळा उघडा असतो, चांभाराची रापी उघडी असते. जे पाते दिवसभर राबते त्याला म्यानाची चैन नसते. म्यान लागते ते बहुतेक वेळ कामाविना लटकणाऱ्या, पण मान मिळवणाऱ्या पात्याला.

एका म्यानामागच्या चार जाती

आता वरचे कातडे कुठून येते ते पाहू. गावात ढोर मेले की ते ओढून नेण्याचे काम महारावर लादलेले होते. मेलेल्या जनावराच्या कातड्यावरचा हक्क हा त्याच्या गावकीचा भाग होता आणि त्या हक्कावरून तंटेही होत. हे कच्चे कातडे ढोराकडे जाई. ढोर चुन्यात भिजवून त्याचे केस काढी, बाभळीच्या सालीच्या आणि हिरड्याच्या पाण्यात ते मुरवी आणि कमावी. कमावलेले चामडे चांभाराकडे जाई. त्यातून मोट, वहाण, वादी, पट्टे होत. घोड्याचे जीन आणि तलवारीचे म्यान ही खास कामे जिनगराकडे. 'जीन' म्हणजे खोगीर आणि 'गर' म्हणजे करणारा, म्हणून जिनगर. कुठे हेच काम मोची-चांभारही करत.

म्हणजे एका म्यानासाठी एक सलग उत्पादनसाखळी होती. आजच्या भाषेत तिला कारखाना म्हटले असते आणि तिच्यातल्या माणसांना एकाच संघटनेचे कामगार. पण जातिव्यवस्थेने काय केले? ढोर महाराला खालचा मानी, चांभार ढोराला खालचा मानी आणि जिनगर चांभारापासून अंतर राखी. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये जिनगर स्वतःला आर्य सोमवंशी क्षत्रिय म्हणवतात अशी नोंद आहे, आणि चामड्याच्या कामामुळे सवर्ण त्यांना कमी लेखत अशीही आहे. ज्याने क्षत्रियाची तलवार सजवली त्याला स्वतःची माणुसकी सिद्ध करण्यासाठी क्षत्रियपणाचाच दाखला शोधावा लागला!

बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये सांगितले की जात ही नुसती श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. या विधानाचे हातात धरता येईल असे उदाहरण हवे असेल तर म्यान घ्या. वस्तू एक, पण ती करणाऱ्यांची ताटे वेगळी.

वस्तूला शुद्धी, माणसाला विटाळ

यावर सनातनी मंडळींचे ठरलेले उत्तर असते. 'चामडे अस्वच्छ, त्याला दुर्गंधी, म्हणून त्या कामापासून लोक लांब राहत. हा आरोग्याचा प्रश्न होता, द्वेषाचा नव्हता.'

हे उत्तर त्यांच्याच ग्रंथापुढे ठेवून पाहू. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात वस्तूंच्या शुद्धीचे नियम आहेत. तिथे चामड्याच्या वस्तूंची शुद्धी कापडाप्रमाणेच सांगितली आहे. धुतले की झाले! म्हणजे चामडे ही वस्तू कायमची अपवित्र नाही. आता चौथा अध्याय काढा. कोणाचे अन्न खाल्ल्याने काय नष्ट होते याच्या यादीत कातडे कापणाऱ्याचे अन्न कीर्ती नष्ट करते असे म्हटले आहे. आणि दहाव्या अध्यायात चर्मकाराचा व्यवसाय करणाऱ्यांना संकरातून जन्मलेल्या हीन जातींत बसवले आहे. त्या हीनपणावर धुण्याचा उपाय नाही, कारण तो हाताला लागलेला नाही, जन्माला चिकटवलेला आहे.

वास हाच निकष असता तर तो चामड्याबरोबर प्रवास करत राजवाड्यात पोचला असता. पण तसे झाले नाही. स्वार चामड्याच्या खोगिरावर बसला, चामड्याचा लगाम त्याने हातात धरला, गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याची ढाल पाठीवर घेतली, चामड्याचे म्यान कमरेला बांधले, आणि तो बाटला नाही. खंडेनवमीला शस्त्राला हळदकुंकू वाहिले गेले, आणि देव बाटला नाही. बाटवणारा ठरला तो फक्त ते करणारा माणूस.

मराठी भाषेनेच ही गोष्ट किती नेमकी पकडली आहे पाहा. 'शिवणे' म्हणजे टाका घालणे आणि 'शिवणे' म्हणजे स्पर्श करणे. ज्याने म्यान शिवले, त्यालाच शिवायचे नाही.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली तेव्हा 'एक जुने पुस्तक जाळून काय साधले' असे विचारणारे होते, आजही आहेत. त्यांना आमचे सांगणे एवढेच, की त्या पुस्तकात चामड्याला जे मिळाले होते ते चामडे कमावणाऱ्याला मिळाले नव्हते. महाडला तेच मागितले गेले.

पाते फिरंगी, म्यान देशी

तलवारीवरून चालणाऱ्या अस्मितेच्या राजकारणाला एक अडचणीची गोष्ट आम्ही सांगू इच्छितो. मराठेशाहीत ज्यांना 'फिरंग' म्हणत त्या सरळ तलवारींची पाती मोठ्या प्रमाणावर युरोपात घडलेली असत. पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांकडून ती येत. इथे त्यांना मूठ बसे, इथेच म्यान होई. आलेल्या पात्याला या मातीतल्या स्वाराच्या कमरेला बसेल असे करायचे काम इथल्या कारागिरांचे.

याचा अर्थ सरळ आहे. अशा तलवारीत 'आपले' काय आहे हे शोधायला गेलो तर ते पात्यात सापडत नाही. ते मुठीत आणि म्यानात सापडते. परदेशी पात्याला आपण वंदन करतो आणि देशी म्यान करणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते.

नाव कोरले गेले तर इतिहास टिकतो. भीमा कोरेगावच्या स्तंभापुढे आपण दर १ जानेवारीला उभे राहतो ते का? १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार सैनिकांची 'नाक' या उपपदाची नावे त्या दगडावर कोरलेली आहेत म्हणून. ती नावे कोरली नसती तर तोही पराक्रम कोणाच्या तरी दुसऱ्याच खात्यावर जमा झाला असता. म्यान करणाऱ्याच्या वाट्याला असा दगड आला नाही.

तलवारीला देव मानणारा दुसरा देश

हे फक्त आपल्याकडेच झाले का? आता जपानकडे पाहू. तो बुद्धाचे नाव घेणारा देश आहे, म्हणून आपल्यासाठी त्याचे उदाहरण जास्त महत्त्वाचे आहे.

जपानी तलवारीच्या म्यानाला 'साया' म्हणतात. ते होनोकी नावाच्या झाडाच्या मऊ लाकडाचे करतात. दोन अर्धे कोरून भाताच्या खळीने चिकटवतात, म्हणजे आत गंज किंवा घाण साचली तर ते उकलून साफ करता येते. वरून लाखेसारख्या रोगणाचे थर देतात. साया करणारे कारागीर वेगळे, पाते घडवणारे वेगळे, धार लावणारे वेगळे. यातला साया करणारा अस्पृश्य नव्हता. त्याचे काम लाकडाचे.

पण त्याच सामुराईच्या चिलखतासाठी, खोगिरासाठी, पट्ट्यांसाठी लागणारे कातडे कमावणारे लोक मात्र बहिष्कृत होते. त्यांना 'कावाता' म्हणत, पुढे 'एता' म्हणू लागले. हा शब्द ज्या चिन्हांनी लिहीत त्यांचा अर्थ होतो 'पुष्कळ विटाळ'. सोळाव्या शतकात सरदार आपापसांत लढत होते तेव्हा चिलखतासाठी चामडे हवे म्हणून त्यांनी या लोकांना मुद्दाम किल्ल्याच्या गावाजवळ वसवले. १५८८ मध्ये हिदेयोशीने शेतकऱ्यांच्या घरांतल्या तलवारी जप्त केल्या. शस्त्र सामुराईंपुरते उरले. पुढे तोकुगावा राजवटीत ज्याचा जो दर्जा तो जन्माने पक्का झाला. गरज होती तोवर किल्ल्याजवळ, पण माणूस म्हणून वेशीबाहेर! हे चित्र आपल्याला अनोळखी आहे का?

आणि धर्माने काय केले? काही बौद्ध मंदिरांनी या लोकांना मृत्यूनंतरची जी धर्मनावे दिली त्यांत 'पशू', 'नीच', 'कातडे' अशा अर्थाची चिन्हे घातली. म्हणजे थडग्यावरसुद्धा जात कोरली. या नावांची चौकशी आणि कबुली सोतो झेन पंथात सुरू झाली ती १९७९ नंतर. धम्माचे नाव घेतल्याने जात आपोआप जात नाही. बाबासाहेबांनी दीक्षेबरोबर बावीस प्रतिज्ञा का दिल्या याचे उत्तर इथे मिळते.

१२ ऑक्टोबर १८७१ रोजी जपानमध्ये हा दर्जा कायद्याने रद्द झाला. त्यानंतर पश्चिम जपानमध्ये या मुक्तीच्या विरोधात दंगली झाल्या, वस्त्या जाळल्या गेल्या. चामड्याच्या धंद्यातला पूर्वीचा मक्ता गेला, कलंक मात्र राहिला. १८७६ मध्ये सामुराईंनाही तलवार लावून फिरण्याची बंदी झाली. तलवार कमरेवरून उतरली, तरी तिच्यासाठी कातडे कमावणाऱ्यांच्या वंशजांचा विटाळ उतरला नाही. अखेर ३ मार्च १९२२ रोजी क्योतो शहरात या लोकांनी स्वतःची संघटना उभी केली. तिचे नाव सुइहेइशा, म्हणजे पाण्यासारखा समतल समाज. पाच वर्षांनी आपण महाडच्या तळ्यावर होतो. दोन देश, दोन धर्म, एकमेकांची भाषा न कळणारी माणसे, पण ज्याच्याविरुद्ध उभे राहिले ते एकच.

शस्त्र ज्यांना नाकारले

म्यान करणाऱ्याच्या हातातून रोज तलवार जात होती. मग तो ती घेऊन उभा का राहिला नाही? हा प्रश्न तरुण कार्यकर्ते विचारतात आणि तो विचारायलाच हवा.

बाबासाहेबांचे उत्तर 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्येच आहे. इतर देशांत सामाजिक क्रांत्या झाल्या, भारतात का झाल्या नाहीत? कारण चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना शस्त्र नाकारले, विद्या नाकारली आणि संपत्ती नाकारली. शस्त्र हाताळणे आणि शस्त्र धारण करणे यांत हाच फरक आहे. म्यान करणाऱ्याला पाते मापण्यापुरते मिळाले. ते कमरेला लावण्याचा अधिकार मिळाला नाही, आणि कोणाविरुद्ध उपसायचे हे सांगणारी विद्याही मिळाली नाही.

जिथे ही कोंडी थोडी फुटली तिथे काय झाले ते आपल्याला माहीत आहे. पुण्यात लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत जोतीराव फुले शस्त्रविद्या शिकले. मुंबई लष्करात महार शिपाई होते, बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार पदापर्यंत पोचले. पुढे १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. शस्त्र हाती आले की माणूस शाळेपर्यंत पोचतो, पेन्शनीपर्यंत पोचतो, अर्ज लिहिण्यापर्यंत पोचतो. म्हणूनच ते नाकारले जाते.

मग जातीच्या धंद्याचा अभिमान बाळगायचा का?

इथे आम्हाला एक गैरसमज स्पष्टपणे टाळायचा आहे. म्यान करणाऱ्याच्या कौशल्याची दखल घ्या असे म्हणणे म्हणजे 'आपला वडिलोपार्जित धंदा किती थोर' अशी आरती ओवाळणे नव्हे. ती आरती वरचे लोक हौसेने ओवाळतात, कारण त्यात धंदा आपल्याच गळ्यात राहतो. कारागिरांच्या परंपरेचे गोडवे गाणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या मुलाला कातडे कमावायला घातले?

बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडा असे सांगितले, तेव्हा या कामातून मिळणाऱ्या उत्पन्नाचे हिशेब मांडणारे लोक पुढे आले होते. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्याची आठवण सांगितली. त्यांचे उत्तर साधे होते: एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच का घेत नाही? यावर त्या हिशेबनीसांकडे उत्तर नव्हते.

सक्तीचा धंदा सोडायचा, पण त्या धंद्यातल्या आपल्या पूर्वजांची बुद्धी विसरायची नाही. या दोन गोष्टींत विरोध नाही. हिरड्याच्या पाण्यात कातडे किती दिवस ठेवायचे, कोणते लाकूड पात्याला गंजवणार नाही, ओले कातडे वाळताना किती आवळेल, हे ज्याला कळत होते तो अडाणी नव्हता. हे रसायनशास्त्र होते. त्याला शाळेचे दार बंद होते, एवढेच.

आणि हा जुना इतिहास आहे असे कोणी म्हणू नये. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातच्या उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या चार दलित तरुणांना उघडे करून, गाडीला बांधून मारले गेले. ज्या समाजाला चामड्याचा पट्टा कमरेला चालतो, त्याच समाजातल्या टोळीने चामडे काढणाऱ्याच्या पाठीवर फटके ओढले. त्यावर लोकांनी काय केले? मेलेली जनावरे सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयापुढे आणून टाकली. २०१८ मध्ये त्या कुटुंबाने बौद्ध धम्म स्वीकारला. म्यानाच्या साखळीतली पहिली कडी अशी तुटली.

आपले काम

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी एखादी तलवार गाजावाजा करून परत येईल तेव्हा तिच्या स्वागताला किंवा निषेधाला जाऊन थांबू नका. संग्रहालयाला लेखी विचारा: या शस्त्राच्या म्यानाची, खोगिराची, ढालीची माहिती फलकावर का नाही? हे काम कोणते समाज करत होते ते का लिहिलेले नाही? माहितीचा अधिकार आपल्याकडे आहे.

आपल्या गावातल्या ढोर, चांभार, जिनगर घरांतल्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन बसा. आरी, रापी, मोहनाळ, तैनाळ, पडदळे हे शब्द त्यांच्याबरोबर संपण्याआधी लिहून घ्या. आणि तिथे गेल्यावर आपण महार, तो चांभार, ती मांग असा जो अवघडलेपणा आपल्यालाही वाटतो, तो कुठून आला याचा विचार करा. तो आपला नाही, दिलेला आहे.

आपल्या चळवळीत गट फुटला की पुढारी एक म्हण ऐकवतात, 'एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.' ही म्हण तलवारीच्या बाजूने केलेली आहे. म्यानाच्या बाजूने पाहिले तर गोष्ट उलटी दिसते. चार जातींचे हात लागल्याशिवाय एकही म्यान कधी तयार झाले नाही. ते चार हात एकाच वस्तूवर राबत होते तेव्हा एकमेकांना शिवत नव्हते. आता शिवायला कोणाची बंदी आहे?

जय भीम!